आधी सावली मोजा, मग झाड आणा: बेळगावकडच्या परड्यात वसंताचे रंग

परड्याची हौस नव्यानं लागलेली माणसं मला बहुतेक एकच गोष्ट सांगतात. "आमच्याकडं ऊनच येत नाही ओ, तिथं काय येणार?" मी उलट विचारते, "कुठल्या महिन्यात येत नाही?" याचं उत्तर सहसा कुणाकडे नसतं. पहिल्या वर्षी माझ्याकडेही नव्हतं.

टिळकवाडीतल्या आमच्या घराच्या उत्तरेला कंपाउंडपर्यंत आठ-नऊ फुटांचा पट्टा आहे. डिसेंबरात तिथली फरशी भर दुपारीही पायाला गार लागते. ही कायमची सावली असं धरून मी त्याच महिन्यात तिथं पीस लिली, अँथुरियम आणि नेचे लावले. फेब्रुवारीपर्यंत सगळं टवटवीत होतं. एप्रिलच्या मध्याला पीस लिलीच्या पानांवर वाळक्या कागदासारखे पांढरे चट्टे पडले आणि नेच्यांची टोकं करपली. पाणी कमी पडतंय असं वाटून मी सकाळ-संध्याकाळ घालू लागले, तर अँथुरियमच्या मुळ्या कुजल्या. खरं कारण मला जूनमध्ये कळलं. सावली त्या पट्ट्यावरून केव्हाच सरकून गेली होती.

म्हणून नवख्या माणसाला मी झाडांची नावं आधी सांगत नाही. आधी खडू हातात घ्यायला सांगते.

खडू आणि तीन वेळा

बेळगाव जवळजवळ 16 अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेर सूर्य आपल्या दक्षिणेला बराच कललेला असतो, त्यामुळे 10 फूट उंच भिंतीची सावली भर दुपारी उत्तरेकडे सुमारे 8 फूट पडते. 21 मार्चच्या आसपास तीच सावली 3 फुटांपेक्षाही कमी उरते. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य थेट डोक्यावर येतो आणि भिंतीला दुपारची सावलीच राहत नाही. तिथून ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य चक्क आपल्या उत्तरेला असतो. शिवाय मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून तो उगवतो आणि मावळतोही थोडा उत्तरेकडे सरकून, म्हणजे उत्तरेच्या भिंतीला सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊनही लागतं. आपल्याला फुलं हवी असतात ती नेमकी याच दिवसांत.

वर्षभर थांबायची गरज नाही. सोपा हिशेब असा: भिंतीची उंची घ्या. डिसेंबरची दुपारची सावली तिच्या आठ दशांश, 21 मार्चच्या सुमाराची साधारण तीन दशांश, मेच्या सुरुवातीची शून्य. भिंतीपासून तेवढ्या अंतरावर खडूनं रेघा मारा. पहिल्या रेघेच्या आत पण दुसऱ्या रेघेच्या बाहेर जी जागा येते, ती फसवी. थंडीत सावली, उन्हाळ्यात कडक ऊन. माझी पीस लिली तिथंच होती.

मग एका मोकळ्या दिवशी सकाळी नऊला, दुपारी साडेबाराला आणि चारला अंगणात जाऊन ऊन कुठं आहे ते खुणा करून ठेवा. साडेबाराच का? आपल्याकडे सूर्य माथ्यावर बाराला येत नाही, साडेबाराच्या सुमाराला येतो. चारची खूण सगळ्यात महत्त्वाची. सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन सावलीतली बहुतेक झाडं आनंदानं घेतात. एप्रिलमध्ये पारा 35-36 अंशांवर असताना दुपारी दोन ते पाचचं पश्चिमेचं ऊन मात्र त्यांना भाजून काढतं. पूर्वेला अर्धी सावली आणि पश्चिमेला अर्धी सावली, तास सारखेच असले तरी या दोन अगदी वेगळ्या जागा आहेत.

सावली किती गडद आहे हे बघायला यंत्र लागत नाही. जमिनीवर पांढरा कागद ठेवा आणि त्यावर फूटभर उंचीवर हात धरा. बोटं वेगवेगळी ओळखू येतील अशी सावली पडली तर जागा चांगली उजेडाची. हाताचा नुसता धूसर आकार दिसला तर मध्यम. काहीच दिसलं नाही तर गडद सावली, आणि तिथं फुलांची आशा धरू नका, पानांवर भागवा.

झाडाखालची सावली वेगळी

भिंतीची सावली सूर्याबरोबर सरकते, झाडाची सावली पानांबरोबर येते-जाते. मार्चमध्ये एका सकाळी टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात किंवा कॅम्पातल्या जुन्या रस्त्यांवरून फेरी मारा आणि मान वर करून चाला. कुठली झाडं उघडी पडलीत, कुठली गच्च आहेत, हे एका फेरीत कळतं. सावर, पांगारा, पळस, गुलमोहर, देवचाफा ही झाडं कोरड्या दिवसांत पानं टाकतात. आंबा, फणस, जांभूळ, बकुळ मात्र बारमाही हिरवी राहतात.

देवचाफ्याखाली तुम्ही नेचा लावला तर फेब्रुवारी-मार्चमध्ये तो उघड्यावर येईल आणि जळेल. पण त्याच देवचाफ्याखाली साध्या लाल-केशरी लिलीचे कांदे लावले (नर्सरीत त्यांना अमरिलिस म्हणतात) तर दोघांचं छान जुळतं. चाफा निष्पर्ण असतो तेव्हा लिलीला हवं तेवढं ऊन मिळतं, पाडव्याच्या आगेमागे तिचे दांडे वर येतात, आणि पावसाळ्यात चाफ्याची पानं आली की ती निवांत सावलीत पुढच्या वर्षाची साठवण करते. अशी जोडी जमली की माळ्याचं निम्मं काम झाडंच करतात.

आंब्याखालची जागा सगळ्यात अवघड. सावली कायम, पण माती कोरडी, कारण वरच्या थरातलं पाणी आंब्याच्या मुळ्या पिऊन टाकतात. त्यात मोहराच्या दिवसांत तुडतुडे चिकट रस गाळतात, तो खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. म्हणून आंब्याखाली रुंद, गुळगुळीत, ओल्या फडक्यानं पुसता येतील अशा पानांची झाडं बरी. लवदार पानांचे बिगोनिया तिथं नकोत.

आणि एक कळकळीची विनंती. आंबा-फणसाच्या बुंध्याभोवती विटांचा कट्टा करून त्यात फूट-दोन फूट माती भरू नका. दिसायला छान दिसतं, पण बुंध्याची साल कायम ओली राहून कुजते आणि मुळांना हवा मिळत नाही. पन्नास वर्षांचं झाड एका हौशी कट्ट्यापायी वाळू शकतं. मुळांमध्ये जिथं पोकळी सापडेल तिथं ओंजळभर खड्डा करून लहान रोप लावा. अंगठ्याहून जाड मूळ आलं तर ते न तोडता खड्डा हलवा. ते जमत नसेल तर सरळ कुंड्या मांडा.

माती: खानापूर एक सांगतं, अथणी दुसरं

आपल्या भागाची गंमत अशी की तासाभराच्या प्रवासात माती आणि पाऊस दोन्ही बदलतात. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे तांबडी, जांभ्याची, आंबटसर माती आणि धो धो पाऊस. चिकोडीच्या पुढे रायबाग-अथणीकडे काळी माती आणि कमी पाऊस. बेळगाव शहर या दोन्हींच्या मधे. कारवार-जोयड्याकडच्या वाचकांनी खानापूरचा सल्ला धरावा. बीदर-भालकीकडे उन्हाळा आपल्याहून कडक, तेव्हा मी जिथं अर्धी सावली म्हणते तिथं त्यांनी पूर्ण सावली समजावी.

तांबड्या मातीत पाणी चटकन निचरतं, पण कस लवकर धुऊन जातो. एक पाटी मातीला अर्धी पाटी कुजलेलं शेणखत आणि अर्धी पाटी पालापाचोळ्याचं खत घाला. काळ्या मातीत लिलीसारखी कांद्यापासून येणारी झाडं थेट लावू नका, ती पावसाळ्यात कुजतात. वाळू आणि खत मिसळून सहा-आठ इंच उंच वाफा करा. कुंडीसाठी मी एक भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड घेते.

पालापाचोळा जाळू नका. माघ-फाल्गुनात रस्त्याकडेला जळणारे ढीग पाहिले की जीव तुटतो. तीच पानं एका कोपऱ्यात किंवा जुन्या पोत्यात भरून, अधूनमधून पाणी मारत एक पावसाळा ठेवली की काळं, भुसभुशीत खत होतं. रानातली सावलीतली झाडं याच्यावरच वाढतात.

कौलारू घर असेल तर पागोळ्यांची रेघ बघून ठेवा. जुलैत आपल्याकडे पाऊस दिवसदिवस थांबत नाही. पागोळ्यांच्या धारेखाली लावलेलं रोप आठवड्यात उघडं पडतं. त्या रेघेवर खडी पसरा आणि झाडं दीड फूट आत किंवा बाहेर घ्या.

आता झाडं

सावलीत रंग निवडताना एक गोष्ट मी फार उशिरा शिकले. गडद लाल आणि जांभळा रंग सावलीत बुडतो, दहा पावलांवरून दिसतच नाही. पांढरा, फिका गुलाबी, पिवळा, अबोली हे रंग सावलीत उजळतात. तेव्हा गडद कोपऱ्यात पांढरं, उजेडाच्या कडेला लाल-केशरी.

अबोली हे आपलं झाड. सणावाराला गजऱ्यात मोगऱ्याशेजारी तिचा रंग हवाच, आणि कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडेही कनकांबर म्हणून तिला तेवढाच मान. माझ्या आईनं तुळशीवृंदावनाच्या मागं, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली अशा जागी अबोलीची रांग लावली होती आणि वर्षातले फार थोडे दिवस ती फुलांवाचून असायची. फुलांचे तुरे वाळले की छाटत गेलं तर नवे येत राहतात. काही वाळके तुरे मात्र मुद्दाम ठेवा. त्यातल्या बोंडांना पाणी लागलं की ती टचकन फुटतात आणि बिया लांब उडतात. लहान मुलांना हे एकदा दाखवा, ती बागेत रमतील. अबोलीच्या मुळांना सूत्रकृमी लागतात आणि झाड कारण नसताना मलूल होतं. म्हणून लावतानाच निंबोळी पेंड घाला, आणि ऊन असलेल्या कडेला झेंडू लावा.

वसंतासाठी एकच झुडूप घ्यायचं असेल तर मी ब्रुनफेल्सिया घेईन. नर्सरीत 'काल-आज-उद्या' या अर्थाच्या इंग्रजी नावानं मिळतं. फूल उघडतं तेव्हा जांभळं असतं, दुसऱ्या दिवशी फिकं होतं, तिसऱ्या दिवशी पांढरं. थंडी ओसरली की फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडूप तिन्ही रंगांनी एकाच वेळी भरतं, आणि संध्याकाळी वासही येतो. त्याला सकाळचं दोन-तीन तास ऊन हवंच. पूर्ण सावलीत ते नुसतं हिरवं राहील. छाटणी फुलं संपल्यावर, वळवाच्या सुमाराला. दिवाळीनंतर छाटलंत तर येणारा बहर स्वतःच्या हातानं कापला असं समजा. घरात कुत्रं असेल तर मात्र हे झाड नको, त्याची फळं आणि बिया कुत्र्यांना विषारी असतात.

तगर, म्हणजे इकडची नंदीबट्टलु, अर्ध्या सावलीत खुशाल फुलते आणि देवपूजेला रोज चार फुलं देते. कुंतीही अर्ध्या सावलीत चालते. वळवाची पहिली सर पडली की थोड्या दिवसांत ती पांढऱ्या फुलांनी भरून जाते आणि रात्री सगळी गल्ली घमघमते. हिरव्या चाफ्याचं फूल पानांत लपतं, रंगासाठी त्याचा उपयोग नाही, पण जुन्या विहिरीकाठच्या सावलीत त्याला जागा द्यावी असं मला फार वाटतं.

मांडव किंवा मजबूत जाळी असेल तर थनबर्जिया मायसोरेन्सिस लावा. नावातच म्हैसूर आहे, पश्चिम घाटातलीच ही वेल. तिचं मूळ सावलीत आणि शेंडा उन्हात हवा, आणि फुलं पिवळी-तांबूस, लांब लोंबत्या माळांची. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत त्या माळा मांडवाखाली लोंबतात आणि शिंजीर पक्षी दिवसभर त्यांच्यावर असतात. वेल जड होते, सुतळीवर भागणार नाही.

आता कांद्याची झाडं. लिलीचं वर आलंच आहे. तिचा कांदा लावताना वरचा एक तृतीयांश भाग मातीबाहेर ठेवा. नोव्हेंबर ते जानेवारी पाणी अगदी कमी करा, फेब्रुवारीच्या मध्यापासून पुन्हा सुरू करा. युकॅरिस लिली खऱ्या सावलीतली, पांढरी, मंद वासाची. तिला गर्दी आवडते, कांदे कुंडीत दाटू द्या. फुलत नसेल तर तीन-चार आठवडे पाणी बरंच तोडा आणि मग नेहमीसारखं घाला, बहुतेक दांडा येतो. आणि मे फ्लॉवर, ज्याला काहीजण फुटबॉल लिली म्हणतात, तो तर वळवाचाच निरोप्या. त्याच्याकडे शेवटी येते.

कॅलेडियमची रंगीत पानं एप्रिल-मेमध्ये कांदा जागा झाला की येतात. पांढरी जात गडद कोपऱ्यात दिवा लावल्यासारखी दिसते. थंडीत पानं गळाली की मेली म्हणून फेकू नका. कुंडी कोरडी करून आडोशाला ठेवा.

गडद सावलीत, हाताची सावलीही पडत नाही तिथं, अग्लोनिमा, अस्पिडिस्ट्रा, सॅन्सेव्हिरिया, झीझी. यातली शेवटची दोन आंब्याखालच्या कोरड्या सावलीतही तग धरतात. मध्यम उजेडात सिंगोनियम, पीस लिली, वेताच्या कांडीसारखे बिगोनिया आणि नेचे. कॅलेथिया मला फार आवडते, पण आपल्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात तिच्या पानांच्या कडा जळतात. खानापूर-जांबोटीच्या दमट परड्यात ती शोभेल, चिकोडीत नाही. क्रोटन सावलीत लावू नका, त्याचे रंग उन्हावर असतात आणि सावलीत तो वर्षभरात हिरवा होतो. मोगरा आणि जास्वंदही सावलीत नकोत. झाडं जगतील, पण फुलं देणार नाहीत.

डिफेनबॅकिया आणि कॅलेडियम यांचा चीक तोंडात गेला तर जिभेला आणि घशाला सूज येते. रांगतं मूल घरात असेल तर या कुंड्या त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवा.

आमरीबद्दल, म्हणजे ऑर्किडबद्दल, थोडं आवर्जून सांगायचं आहे. आपल्या खानापूरच्या रानात फेब्रुवारी ते एप्रिल निष्पर्ण कांड्यांवर पांढरी फुलं येणारी डेंड्रोबियम आहे, आणि पावसाच्या तोंडावर सीतेची वेणी फुलते. वसंतातले सावलीतले याहून सुंदर रंग मी पाहिलेले नाहीत. म्हणूनच ते रानात राहू द्यावेत. भीमगडला 2011 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला आहे, तिथून झाड काढणं गुन्हा आहे. आणि बाजारात फांदीसकट ओरबाडून आणलेली आमरी कुणी विकत असेल तर ती घेऊ नका, कारण आपण घेतली की तो पुढच्या आठवड्यात आणखी आणणार. नर्सरीत तयार केलेली संकरित डेंड्रोबियम मिळते, ती नारळाच्या सोडणात किंवा कोळशात लावून आंब्याच्या फांदीला टांगा. तिला मातीची गरज नाही, उजेड आणि हवा पुरते.

नर्सरीत

फुललेलं झाड बघून घेण्याचा मोह आवरा. मार्चमध्ये बहरात असलेलं झाड तुमच्या परड्यात काय करणार हे फुलांवरून कळत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत हातगाडीवर अझेलिया भरगच्च फुलांसकट येते. ती थंड डोंगराळ हवेतली, आपला एप्रिल तिला सोसत नाही.

आपल्याकडच्या नर्सऱ्यांत बरीच झाडं आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून येतात. मुळांभोवती घट्ट चिकणमातीचा गोळा असतो. तसाच लावला तर पाणी आत शिरत नाही, बाहेरची माती ओली आणि मुळं कोरडी. गोळा बादलीत तासभर भिजवून बाहेरची माती हलकेच सोडवा, मुळ्या तोडू नका.

झाड निवडताना पिशवी उचलून खालची भोकं बघा. मुळ्या गुंडाळून बाहेर आल्या असतील तर ते झाड फार दिवस पडून आहे. पानांची पाठ बघा. कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण, सगळ्या कुंड्यांना लागेल. आणि ते झाड नर्सरीत कुठं ठेवलं होतं, उघड्यावर की जाळीखाली, हे विचाराच. बोलायला थोडं कन्नड उपयोगी पडतं. नेरळु म्हणजे सावली, बिसिलु म्हणजे ऊन, गिड म्हणजे झाड. "नेरळिगे याव गिड?" एवढं म्हटलं की कामावरची अक्का किंवा अण्णा खुलतात आणि स्वतःहून चार झाडं दाखवतात. ती माणसं झाडं रोज हाताळतात, त्यांचं ऐकावं. मातीचा किंवा रोगाचा प्रश्न घरी सुटत नसेल, तर गोकाकजवळ अरभावीला कित्तूर राणी चन्नम्मा उद्यानविद्या महाविद्यालय आहे.

घरी आणलं की दहा-पंधरा दिवस लावू नका. जिथं लावायचं त्याच सावलीत पिशवीसकट ठेवा. एवढ्यात ते तुमच्या हवेला सरावतं, आणि जागा चुकली असेल तर पानं आधीच सांगतात.

लावणी आणि मग वर्षभर

जमिनीतली झाडं मृगाच्या आसपास लावा, म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. जुलैच्या झोडपणाऱ्या पावसाआधी मुळं धरायला हवीत. खानापूरकडे मी सप्टेंबरचा शेवट जास्त पसंत करीन, तिथला जुलै नव्या रोपाला सोसत नाही. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद, पण तेवढाच खोल. लावल्यावर दोन इंच पालापाचोळा पसरा, खोडाला मात्र चार बोटं मोकळी सोडा.

सावलीतली झाडं मरतात ती बहुतेक जास्त पाण्यानं. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. पावसाळ्यात अंगणातल्या कुंड्यांना बहुधा द्यावंच लागत नाही. बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीच्या कडेला पांढरा थर येतो आणि पीस लिलीची टोकं तपकिरी पडतात. अशा घरी कौलांवरचं पाणी पिंपात धरून ठेवा, नेच्यांना ते फार मानवतं.

पावसाळ्यात गोगलगायी येतात. रात्री नऊला बॅटरी घेऊन बाहेर पडायचं, हातमोजे घालून त्या गोळा करायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. मीठ वाफ्यात टाकू नका, माती बिघडते. आठवडाभर नेमानं केलं की फरक दिसतो.

होळीच्या आधी पुन्हा एकदा खडूची रेघ बघा. फसव्या पट्ट्यातल्या कुंड्या फाल्गुनातच आत सरकवा, करपायची वाट बघू नका. जमिनीतली हलवता येत नाहीत, त्यांच्यावर पश्चिमेकडून अर्धी सावली देणारी हिरवी जाळी मार्च ते मे अखेर बांधा. पहिला दमदार पाऊस झाला की काढून टाका, नाहीतर जूनच्या वाऱ्यात ती झाडांसकट मोडून पडेल.

राहिला मे फ्लॉवर. याचा कांदा एकदा विरळ सावलीत, तीन-चार इंच खोल लावला की वर्षानुवर्षं तिथंच वाढतो. दिवाळीनंतर पानं पिवळी होऊन जातात आणि जमिनीवर काहीच उरत नाही. मग फेब्रुवारीत कुणीतरी रिकामी जागा म्हणून तिथंच कुदळ घालतं आणि कांदा दुभंगतो. आमच्याकडे दोनदा झालं. आता पानं गेली की मी त्या जागेवर एक वीट उभी रोवून ठेवते. एप्रिल-मेमध्ये ढग गडगडले, वळीव पडला, की विटेशेजारची माती फुगते आणि पानांच्या आधी लाल गोळाच वर येतो. तेव्हा वीट काढायची.